रतनगडाचं नेढं एका दिवसात: निघायचं कधी, चढायचं कसं, परतायचं कधी

भंडारदऱ्याजवळच्या रतनगडाला जाऊन आलेल्या निम्म्या लोकांना विचारा, नेढ्यात बसलात का, तर उत्तर येतं "अरे तिथपर्यंत नाही गेलो, गुहेपाशीच दोन वाजले, मग उतरलो." हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. इतका लांबचा प्रवास, जंगलातली चढण, शिड्या, सगळं झालं आणि ज्याच्यासाठी जायचं तेच राहिलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, म्हणजे पहिल्यांदा जाणाऱ्याला वेळेचा अंदाज येईल. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, हा ट्रेक अवघड नाहीये, वेळेचा आहे. दुपारी बाराच्या आत नेढ्यात असलात तर दिवस तुमचा.

आधी नेढं म्हणजे काय ते. सुईला दोरा ओवायचं जे भोक असतं त्याला आपल्याकडे नेढं म्हणतात, आणि डोंगराच्या कातळाला आरपार भोक पडलेलं असेल तर त्यालाही तोच शब्द. राजगडाच्या सुवेळा माचीला आहे, मदनगडावर आहे, आमच्या नाशिकच्या बाजूला कण्हेरगडावर आहे. पण रतनगडाचं नेढं गडाच्या अगदी माथ्यावर, आणि एवढं ऐसपैस की वीस-पंचवीस माणसं आत आरामात बसतील. इकडचा सह्याद्री सगळा बसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक साचलेले, आणि हे थर सगळे सारखे कडक नसतात. कुठे धार अरुंद झाली, मधला थर जरा कच्चा निघाला, की पाऊस-वारा दोन्ही बाजूंनी त्याला खात जातो, सुटा झालेला दगड पडत जातो, आणि एक दिवस आरपार उजेड दिसायला लागतो. आत बसलात की छताकडे नीट बघा, दगडाचे पापुद्रे सुटलेले दिसतात, काही बोटाने हलतील असे असतात (हलवू नका प्लीज, खाली माणसं असतात).

आता जायचं कधी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी बिनधास्त. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरला की वरचं पठार सोनकीच्या फुलांनी पिवळं झालेलं असतं, माझ्या मते रतनगडाचे ते वर्षातले सगळ्यात सुंदर पंधरा दिवस, फक्त दगड अजून शेवाळलेले असतात तेव्हा पाय जपून. जुलै-ऑगस्टमध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याने जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. हा घाटघर-भंडारदरा पट्टा म्हणजे पावसाचं माहेर, वाटेत ओढे परत परत ओलांडावे लागतात आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी कमरेला येऊ शकतं, शिड्या ओल्या, आणि एवढं करून नेढ्यात पोचलात तरी समोर पांढरं धुकं, दहा फुटांपलीकडे काही दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये जंगलातून चढताना सावली मिळते पण माथा तापतो. मेच्या शेवटी लोक काजव्यांसाठी रात्री या भागात येतात, तेव्हा रस्त्याला प्रचंड गाड्या असतात, ट्रेकसाठी तो वीकेंड टाळा.

पायथ्याचं गाव रतनवाडी, तालुका अकोले. नाशिकहून आम्ही घोटीपर्यंत हायवेने येतो, तिथून भंडारद्याचा रस्ता धरायचा, कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव जातं, मग शेंडी, आणि शेंडीहून धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने साधारण वीसेक किलोमीटर रतनवाडी. हा शेवटचा पट्टा दिसायला कमी वाटतो पण वळणं आणि खड्डे धरून पाऊण-एक तास घ्या. मुंबईकरांनीही घोटीवरूनच यायचं, स्वतःची गाडी नसेल तर लोकलने कसारा आणि तिथून जीप ठरवायची, सात-आठ जणांत परवडते. पुण्याचे लोक संगमनेर-अकोले-राजूर करत शेंडीला येतात. एसटीच्या भरवशावर एका दिवसात हे जमवायचं म्हणजे अवघड आहे, उगाच टेन्शन.

मुंबई-पुण्याहून रात्री बाराला निघून पहाटे पोचायचं, झोप न घेता चढायचं, आणि संध्याकाळी परत गाडी चालवायची, हा जो प्रकार आहे ना, तो कृपा करून करू नका. ट्रेकमध्ये काही होत नाही, होतं ते परतताना हायवेवर. आदल्या दिवशी संध्याकाळीच रतनवाडीत या. गावात बऱ्याच घरांतून राहायची-जेवायची सोय होते, आधी फोन करून ठेवला तर रात्री चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा, भात-आमटी मिळते, आणि सकाळी साडेपाचला चहा-पोहे. पैसे कॅश ठेवा. तिथे रेंज कधी असते कधी नसते, आणि मावशींना स्क्रीनवर गोल गोल फिरणारं पेमेंट दाखवत बसायचं हे काही बरोबर नाही. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, नाक्यावर प्रवेशाची पावती फाडावी लागते, त्यालाही सुटे लागतात.

सॅकमध्ये काय. पाणी माणशी तीन लिटर, यात कमी-जास्त नाही. गडावर टाकी आहेत, बारमाही पाणीही असतं, पण पिण्याजोगं कोणतं ते गावातल्या माणसाला विचारूनच घ्यायचं, आणि माझं पोट त्यावर अवलंबून ठेवायला मी तयार नसतो. ओआरएसची दोन पाकिटं, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, दुपारचं घरून आणलेलं काहीतरी कोरडं (आमच्याकडे मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी ठरलेली), टॉर्च प्रत्येकाकडे एक, मोबाईलचा नाही, वेगळा. फुल पँट, कारण कारवीत आणि झुडपात पाय खरवडून निघतात. बूट ज्याच्या तळव्याला खाचा शिल्लक आहेत असा. नवा कोरा बूट घालून येऊ नका, आधी आठवडाभर घरात-बाजारात वापरा. आणि टोपीला बंद असू दे, का ते पुढे येतंच.

आता वेळ. मी नेहमी उलटा हिशोब मांडतो. अंधार पडायच्या आधी गावात, म्हणजे उशिरात उशिरा साडेचार. उतरायला अडीच-तीन तास, म्हणजे शिड्या दीडच्या आत सोडायच्या. नेढ्यातून शिड्यांपर्यंत रमतगमत पाऊण तास, म्हणजे पाऊणला नेढं सोडायचं. तिथे किमान एक तास तरी बसायला हवा ना? मग पोचायचं पावणेबाराला. चढायला तीन तास, वर गड बघत नेढ्यापर्यंत सव्वा तास, थांबे धरून पाच तास. म्हणजे पावणेसातला पाय उचलायचा. सहा-साडेसहाला निघालात तर आणखी बरं. आठला निघणारे लोकच गुहेपाशी बसून "आता पुरे" म्हणतात, त्यांचा दम संपलेला नसतो, वेळ संपलेला असतो.

गावातच अमृतेश्वराचं मंदिर आहे. शिलाहार राजा झंझ याने बांधलं असं सांगतात, काळ्या दगडाचं, इंच न् इंच कोरलेलं. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. बाजूला पुष्करणी आहे, तिच्या कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती आहेत. हे सगळं बघायला तासभर लागतो आणि सकाळी बघत बसलात की वरचा हिशोब कोलमडला. सकाळी नुसतं पाया पडून निघा, संध्याकाळी उतरल्यावर पुष्करणीच्या पायऱ्यांवर निवांत बसा, तेव्हा उन्हं तिरपी असतात आणि कोरीवकाम जास्त उठून दिसतं.

मंदिराच्या मागून वाट प्रवरेच्या पात्राशी येते. हो, प्रवरा इथलीच, रतनगडावर उगम पावते, अमृतवाहिनी म्हणतात तिला, आणि पार प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. भंडारदऱ्याचं धरण याच नदीवर, १९२६ साली पूर्ण झालेलं. तुम्ही ज्या ओढ्यात दगडावर पाय ठेवून पलीकडे उडी मारता ती ही नदी आहे हे लक्षात आलं की जरा थांबायला होतं. पहिला तासभर वाट सोपी, कधी पात्राच्या या बाजूने कधी त्या बाजूने. इथेच चुकतात लोक. पात्र ओलांडलं की समोर लगेच वाट दिसेलच असं नाही, दहा-पंधरा पावलं वर किंवा खाली असते, तेव्हा एकाने पलीकडे जाऊन वाट सापडल्याची हाक द्यायची आणि मगच बाकीच्यांनी ओलांडायचं. झाडांवर-दगडांवर बाण काढलेले असतात, पण त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका, काही पुसट झालेत.

मग जंगल दाट होतं आणि चढ चालू होतो. दोनेक तासांनी एक जागा येते जिथे वाट फुटते, सरळ जाते ती कात्राबाई डोंगराच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाला, आणि उजवीकडे वर चढते ती रतनगडाच्या शिड्यांना. ही जागा डोक्यात कोरून ठेवा. माझ्या दुसऱ्या खेपेला मी पुढे होतो, गप्पांच्या नादात सरळ निघालो, वाट इतकी मळलेली आणि छान की शंकाच आली नाही, जवळजवळ पाऊण तास चाललो आणि मग लक्षात आलं की गड आता आपल्या मागे राहिलाय. आमच्याबरोबर माझी पुतणी होती, नववीतली, ती मगाशीच म्हणाली होती "काका, गड तिकडे आहे ना?" आणि मी ऐकलं नव्हतं. परत फिरलो, दीड तास गेला, आणि त्या दिवशी नेढं झालं नाही. ती काही बोलली नाही पण उतरताना सारखी मागे वळून बघत होती. तेव्हापासून मी त्या फाट्यावर सगळ्यांना थांबवतो, मोजतो, पाणी प्यायला लावतो आणि मगच उजवीकडे वळतो. पहिल्यांदा जात असाल तर गावातला वाटाड्या सरळ बरोबर घ्या. चार पैसे वाचवून काय करणार, आणि त्या दादाला कोणतं झाड कशाचं, कुठलं पाणी चांगलं, माकडं कुठे बसतात सगळं माहीत असतं.

फाट्यानंतरचा चढ दमवतो. अर्धा-पाऊण तास, उभा, मातीत मुळं वर आलेली, आणि उतरताना तोच भाग घसाऱ्याचा. इथे बोलायचं नाही, बारीक पावलं टाकायची, पन्नास पावलं आणि एक श्वास. मग झाडं एकदम संपतात, कातळाची भिंत समोर येते आणि तिला टेकवलेल्या लोखंडी शिड्या दिसतात.

शिड्यांची लोकांना उगाच भीती असते. एका वेळी एकच माणूस शिडीवर, हा नियम पाळला तर काही होत नाही. तीन गोष्टी कायम शिडीला: दोन पाय एक हात, नाहीतर दोन हात एक पाय. सॅकचा छातीवरचा पट्टा बांधून घ्या, पाण्याची बाटली बाजूच्या खिशातून काढून आत टाका, कारण वरून पडलेली भरलेली बाटली खालच्याच्या डोक्यात बसली तर काय होईल याचा विचार करा. चढताना शिडीच्या पायऱ्यांकडेच बघायचं, मधेच थांबून दरीचा फोटो नको. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. सकाळी लोखंड गार आणि दवाने ओलसर असतं, हात एकदा पँटला पुसून घ्या. शनिवार-रविवारी इथे रांग लागते, अर्धा तास आरामात जातो, हे आणखी एक कारण लवकर निघायचं. आणि माकडं! शिड्यांच्या वरच्या बाजूला बसलेलीच असतात, हातात पिशवी दिसली की संपलं. खायचं सगळं सॅकमध्ये, चेन बंद, हात मोकळे.

शिड्या संपल्या की गणेश दरवाजा. तिथून एका बाजूला गुहा आहेत, एक रत्नादेवीची लहान, दुसरी मोठी जिथे लोक मुक्काम करतात. समोर भंडारदऱ्याचं पाणी पसरलेलं दिसतं, सावली गार असते, आणि हीच ती जागा जिथे ट्रेक संपतो लोकांचा. पाठ टेकू नका. देवीच्या पाया पडा, दहा मिनिटं बसा, अर्धा लिटर पाणी प्या आणि उठा. हनुमान दरवाजा लागतो, त्यावरची शिल्पं बघून वर या, मग गडाचं पठार. कडेला खुट्टा दिसतो, गडापासून सुटा उभा राहिलेला सुळका, एकटाच. पुढे राणीचा हुडा, म्हणजे एक पडका गोल बुरुज, ओळीने पाण्याची टाकी, वाड्यांची जोती. कोकणाच्या बाजूच्या कड्यावर जाऊन बघायचा मोह होतो, जरूर बघा, पण कड्याजवळ उभं राहून नाही, पोटावर झोपून बघायचं. गवत वाळलेलं असलं की बूट त्यावरून बर्फासारखा सरकतो.

शेवटी त्र्यंबक दरवाजाच्या अंगाने नेढ्याकडे चढायचं. पाच-सात मिनिटांचा चढ आहे, थोडा मुरमाड, हाताला दगड धरत जायचं, आणि धरायच्या आधी तो दगड हलतोय का ते बघायचं. नेढ्याच्या तोंडाशी पोचायच्या आधीच वारा ऐकू येतो. खाली सगळं शांत असतं, पान हलत नसतं, आणि तिथे एकदम असा झोत येतो की उभं राहता येत नाही. एकदा आमच्यातल्या एकाची टोपी गेली, आधी वर गेली, मग नेढ्याच्या आरपार जाऊन पलीकडच्या बाजूला गिरक्या घेत खाली, आम्ही ती एवढीशी होईपर्यंत बघत होतो. चष्मेवाल्यांनी दोरी लावा. आत शिरताना वाकून, भिंतीला हात लावत जा, आणि मध्यावर पोचलात की खाली बसा. उभं राहून फोटो काढायचाच असेल तर मध्यात, कडेला नाही.

आणि मग बघा. अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले भावांसारखे ओळीने, त्यांच्या बाजूला कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक. मागे कात्राबाई, हवा स्वच्छ असेल तर हरिश्चंद्रगड, आजोबा डोंगराचा तो अजस्र कडा. खाली साम्रद गावाची भातखाचरं, आणि त्याच्याच बाजूला जमिनीला पडलेली भेग ती सांदण दरी. त्या पुतणीला मी पुढच्याच हिवाळ्यात परत घेऊन गेलो. साडेअकराला पोचलो होतो. ती आत येऊन बसली, बूट काढले, पाय लांब केले, आणि कातळावर तळवे टेकवून म्हणाली "काका, हा दगड गार आहे, बाहेरचा तापलेला होता." मीही हात लावला. खरंच होतं, एवढ्या उन्हात आतला दगड माठासारखा गार. इतक्या वेळा गेलो पण हात लावून बघितलं नव्हतं.

इथेच जेवा. पण कागद-प्लास्टिक उडतं, एकदा उडालं की ते दरीत, कोणी काढायला जाणार नाही, म्हणून डबाच आणा, पिशव्या नको. आवाज कमी, स्पीकर नको, धूर अजिबात नको. सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात, ती एकदा उठली तर त्या अरुंद जागेतून पळायला वाटच नाही. डिओ-परफ्यूम मारून येऊ नका तेही याचसाठी.

काही लोक विचारतात, त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरलं तर? वाट आहे, कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, उंच उंच आणि काही तुटलेल्या, सुंदर आहे ती वाट. पण गाडी रतनवाडीत राहते, आणि तिकडे माणसं कमी असतात, चुकलात तर सांगायला कोणी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला, वाटाड्या घेऊन आणि गाडी साम्रदला बोलावून करा. पहिल्यांदा आलात तसेच परत जा.

उतरताना गुडघे बोलायला लागतात. काठी असेल तर काढा, नसेल तर जंगलातली वाळकी पडलेली घ्या, तोडू नका. शिड्यांपासून फाट्यापर्यंतचा घसारा हा दिवसातला सगळ्यात जास्त पडापडीचा भाग, पाय रोवून बारीक पावलं टाकायची, घाई करणाऱ्याला पुढे पाठवायचं नाही. शेवटचा माणूस नेहमी अनुभवी. लहान मुलं असतील तर दहा-बारा वर्षांच्या खालची मी तरी नेणार नाही, शिड्यांवर त्यांचे पाय पुरत नाहीत.

गावात पोचल्यावर पुष्करणीपाशी बसायचं म्हणालो होतो ते विसरू नका. आणि ज्या घरी राहिलात त्यांना उतरल्याचं सांगून जा. आम्ही एकदा न सांगता निघालो, तर राजूरच्या अलीकडे रेंज आल्यावर मावशींचे चार मिस्ड कॉल दिसले. लावला फोन. पहिलं वाक्य, "पोरं उतरली का रं सगळी?"